बाईंची सगळी पोरं नव्या कॉम्प्युटरवर

लोक त्यांना सावकाशराव म्हणायचे. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. जुन्या कॉम्प्युटरमधलं सामान, म्हणजे पत्रं, पत्ते, फोटो, असं सगळं काढून नव्या कॉम्प्युटरवर नीट लावून द्यायचं, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक मागं उभं राहून "झालं का हो? अडकलं का?" असं करायला लागलं, की ते मान वर न करता म्हणायचे, "सावकाश, सावकाश." तेच नाव होऊन बसलं.

वय बावन्न. एकटेच राहायचे, जिन्याखालच्या एका खोलीत. पाठीवर सॅक, सॅकमध्ये वायरींचा गुंता, दोन डिस्का, बारीक पेचकस आणि चष्म्याची दोन घरं, त्यातलं एक कायम रिकामं. बोलायला मोजके, पण हात स्वच्छ. त्यांचा एक नियम होता आणि तो ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायचे: "तुमच्या पत्रांना मी हात लावणार, डोळा लावणार नाही." लोक हसायचे. पण लोकांची लग्नं, भांडणं, आजारपणं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यातलं एक अक्षरही त्यांनी वाचलं नव्हतं, हे खरंच होतं.

पोहण्याच्या बाईंचा फोन आला तो एका सोमवारी सकाळी. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पस्तीस वर्षं त्यांनी गावातल्या तलावावर पोरांना पोहायला शिकवलं होतं, आणि त्यांचा आवाज अजून पाण्यापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असाच होता. सावकाशरावांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"भाच्यानं नवा कॉम्प्युटर पाठवलाय," बाई म्हणाल्या. "जुना आता दम्याच्या पेशंटसारखा वाजतो. पण माझी सगळी पोरं जुन्यात आहेत. एकही मागं राहता कामा नये. जमेल?"

"किती पोरं आहेत?"

"मोजली नाहीत. तुम्ही मोजा."

बाईंचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर ओळीनं फोटो, सगळ्यांत ओली पोरं, सगळी डोळे बारीक करून उन्हात बघणारी. खिडकीपाशी टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल. सावकाशरावांनी रुमाल काढून घडी करून बाजूला ठेवला आणि आत शिरले. पत्रं नऊ हजार तीनशे अठरा. पत्ते सहाशे बारा. तेरा वर्षांचा संसार. प्रत्येक पोराच्या नावाचा बाईंनी वेगळा कप्पा केला होता आणि त्याची पत्रं त्यात ठेवली होती. इतकी नीटनेटकी माणसं त्यांच्या धंद्यात विरळा.

पत्ते आधी हलवायचे, मग पत्रं, हा त्यांचा क्रम. पत्त्यांची यादी बाहेर काढली, नव्या कॉम्प्युटरवर उघडली आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"काय झालं?" बाई स्वयंपाकघरातून.

"तुम्ही मराठी नावं कुठल्या तरी जुन्या फॉन्टात टाइप केली होती. याला ती कळेनात."

बाई गुडघा धरत आल्या. पडद्यावर नावांच्या जागी चौकोन, टोप्या, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम यांची मिसळ झाली होती.

"अगंबाई! माझ्या पोरांना काय केलंत हे?"

"पोरं शाबूत आहेत. फक्त नावं गेली. शेजारचा ईमेलचा पत्ता इंग्रजीत आहे, तो जसाच्या तसा आलाय. अशी एकशे अठ्ठेचाळीस आहेत. मी पत्ता वाचतो, तुम्ही कोण ते सांगा. मी नव्यानं लिहितो."

"एकशे अठ्ठेचाळीस?"

"सावकाश करू."

बाईंनी खुर्ची ओढली. चहा झाला. काम सुरू झालं, आणि दहा-बारा नावांतच सावकाशरावांच्या लक्षात आलं की हे आज उरकणार नाही, कारण बाईंना नुसतं नाव सांगताच येत नव्हतं.

"टॉर्पेडो सत्याहत्तर," त्यांनी वाचलं.

"तो! नाव घेतलं टॉर्पेडो, आणि पाण्यात पडला की विटेसारखा सरळ तळाला. तीन वेळा मी कपड्यांनिशी उडी मारून काढलाय त्याला. आता कुठल्याशा मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे. लिहा, वीट."

"वीट?"

"मी वीटच लिहिलं होतं. पुढं."

एक डावखुरा निघाला, एक पाण्याला घाबरणारी निघाली जी पुढं नौदलात गेली, दोन जुळे निघाले ज्यांना बाई आठ वर्षं एकच समजत होत्या. "एक दमला की दुसरा यायचा. मला वाटायचं काय पोरगा आहे, दमतच नाही!" सावकाशराव हसले. फार दिवसांनी मोठ्यानं हसले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, सत्त्याऐंशी नावं झाली होती.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "खारू. पुढं एकोणीस, शून्य दोन."

वाचून झालं, आणि मग ते त्यांना ऐकू आलं.

दोन-अडीच वर्षांची असताना ती घास गिळायची नाही. दोन्ही गालांत धरून अर्धा अर्धा तास हिंडायची. "खार कुठली," ते म्हणाले होते, आणि मग खारूताई, आणि मग नुसतीच खारू. हे नाव दुसऱ्या कुणी ठेवलेलं नव्हतं. फेब्रुवारीची एकोणीस तारीखही दुसऱ्या कुणाची असेल असं त्यांना वाटेना.

"ही का?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे सावकाशरावांना आत्ता कळलं. "ही माझी पाठीवर पोहणारी. आभाळाकडं तोंड करून पोहायचं म्हणजे पुढचं काही दिसत नाही, भिंत डोक्यावर आदळेल अशी भीती असते. पोरं मान वळवून वळवून बघतात. हिनं कधी बघितलं नाही. हात मोजायची. दहा वर्षांची आली. नाव विचारलं तर म्हणे, खारू. म्हटलं शाळेतलं सांग. तर म्हणाली, शाळेतलं शाळेत."

सावकाशरावांनी मान हलवली. काहीतरी विचारायला हवं, असं वाटून त्यांनी विचारलं, "आई-वडील पोचवायला यायचे?"

"आई यायची. बाप असेल कुठंतरी. असून नसल्यासारखा." बाईंनी कप उचलला. "असतात एकेक."

"काय लिहू?"

"खारूच लिहा."

तीन अक्षरंसुद्धा नव्हेत, दोनच. ती लिहायला त्यांना तीनदा खोडावं लागलं.

उरलेली साठ नावं त्यांनी पुरी केली. बाई काय काय सांगत होत्या, ते हूं हूं करत होते. उठताना बाई म्हणाल्या, "दमलात तुम्ही. तोंड बघा केवढंसं झालंय."

घरी जाताना ते नेहमीच्या रस्त्यानं गेले नाहीत. तलावावरून गेले. कुंपणाच्या जाळीतून निळं पाणी दिसत होतं आणि क्लोरीनचा वास रस्त्यापर्यंत येत होता. या वासातून ती आठ वर्षं रोज गेली होती.

ते या गावात आले होते ते खरं तर तिच्यासाठीच, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ती सात वर्षांची असताना नवरा-बायको वेगळे झाले. मारझोड नाही, व्यसन नाही. दोन माणसांचं एका घरात जमेना, इतकंच. ठरल्याप्रमाणं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दुसऱ्या गावाहून लेकीला न्यायला यायचे. दोन वर्षं आले. मग एका रविवारी फाटकाशी उभे राहून त्यांनी हाक मारली, तर तिची आई बाहेर आली आणि म्हणाली, "तिला नाही यायचं म्हणते." आत खिडकीचा पडदा हलला. ते मिनिटभर थांबले आणि परत फिरले. बसमध्ये बसल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की पोरीला ओढाताण नको, तिला सुटसुटीत वाटेल तेच बरं. पुढच्या महिन्यात गेले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात जायला लाज वाटली. असं करत करत लाजेचंच वय वाढत गेलं. मायलेकी या गावात राहायला आल्या हे कुणाकडून तरी कळलं. तेव्हाही ते आले नाहीत. आले ते फार उशिरा, चार वर्षांपूर्वी, आणि पत्ता शोधत गेले तर दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी. शेजाऱ्यानं सांगितलं, मुलगी शिकायला बाहेर गेली, आई तिच्याबरोबर गेली, झालं की वर्ष. त्या दिवशी परत जायचं तिकीट खिशात होतं. ते गेले नाहीत. ती ज्या रस्त्यांवरून शाळेत गेली असेल ते रस्ते तरी इथं होते.

दुसऱ्या दिवशी पत्रं हलवायची होती. बाई सकाळी तलावावर जाऊन बसायच्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी काठावर बसून नव्या शिक्षकांना वैताग आणायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. "थर्मासात चहा आहे," म्हणून त्या गेल्या आणि सावकाशराव घरात एकटे राहिले.

पत्रं यायला लागली. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं पुढं सरकत होती. नऊ हजार तीनशे अठरा निघाली, नऊ हजार तीनशे अठरा पोचली. आता तपासणी. प्रत्येक कप्प्यातलं पहिलं, मधलं आणि शेवटचं पत्र उघडायचं, जोडलेला फोटो किंवा कागद उघडतो का ते बघायचं आणि बंद करायचं. मजकुरावर नजर न ठेवता हे करायची त्यांची सवय होती. डावखुरा झाला. वीट झाली. जुळे झाले. मग तो कप्पा आला. पत्रं दोनशे अकरा. सगळ्यात अलीकडचं सहा आठवड्यांपूर्वीचं.

पहिलं पत्र त्यांनी नियमाप्रमाणं उघडलं. त्याला एक स्कॅन केलेला कागद जोडलेला होता, तलावाच्या प्रवेशाचा अर्ज. मुलांनी स्वतः भरायचा, असं वर लिहिलं होतं. दहा वर्षांच्या पोरीचं अक्षर, ओळीच्या वर चढणारं. नाव. जन्मतारीख. आईचं नाव. आणि खाली, "तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं", तिथं दोन फोन नंबर. पहिला आईचा. दुसऱ्यापुढं लिहिलं होतं, बाबा. नंबर बरोबर होता, आकडा न् आकडा. एक वर्ष ते फाटकाशी गेले नव्हते तेव्हाही तो तिला पाठ होता. तो नंबर त्यांनी पुढं दोन वर्षांनी बंद करून टाकला, तसाच, नवा स्वस्तात मिळाला म्हणून.

ते उठले. पाणी प्यायले. परत बसले.

यादीत पत्रांचे विषय ओळीनं दिसत होते, न बघायचं ठरवलं तरी दिसत होते. "आज एक सेकंद कमी." "हरले." "परत हरले, आईला सांगू नका." "जिंकले!!!" "खांदा दुखतोय." आणि बरंच खाली, ती सोळा वर्षांची असतानाच्या तारखेचं: "बाबांबद्दल एक विचारायचं होतं."

बोट माऊसवर होतं. घरात कुणी नव्हतं. कुणाला कधीच कळलं नसतं. सगळा कप्पा डिस्कवर उतरवून घ्यायला मिनिटभर पुरलं असतं. पोरीचं सगळं मोठं होणं, एका बोटावर मावेल एवढ्या पेटीत. चौदा वर्षांत त्यांना इतकं काहीच हवंसं वाटलं नव्हतं. किती वेळ ते तसे बसले कोण जाणे. कॉम्प्युटर कंटाळून झोपला आणि काळ्या पडद्यात त्यांना त्यांचंच तोंड दिसलं.

त्यांनी खुर्ची मागं सारली आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.

अकरा वाजता बाई आल्या. "काय हो? बिघडलं काय? पोरं गेली का माझी?"

"पोरं आली सगळी. एकच कप्पा तपासायचा राहिलाय. तो मी नाही तपासू शकत."

"का?"

"खारू माझी मुलगी आहे."

बाई फाटकाच्या कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग आत आल्या, पायरीवर बसायला गुडघा परवानगी देईना म्हणून भिंतीला टेकल्या.

"काल माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मी काय काय बोलले तुमच्या तोंडावर."

"खोटं काही नव्हतं त्यात."

"वाचलंत का?"

"पहिलं उघडलं. अर्ज होता. बाकी विषय दिसले. उघडलं काही नाही."

बाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं, पोरगं खरंच पूर्ण लांबी पोहून आलं की मधूनच वळलं हे ओळखायचं असल्यासारखं. मग त्यांचा आवाज चढला. "अरे, तेरा-तेरा वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्यात! स्पर्धेला पोर उतरली की एकदा प्रेक्षकांत बघायची. प्रत्येक वेळी! मी विचारलं कुणाला शोधतेस, तर म्हणायची घड्याळ बघत होते. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर होतं, गाढवा!"

सावकाशरावांनी मान खाली घातली. बाई "तुम्ही"वरून "तू"वर कधी आल्या ते दोघांनाही कळलं नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तिचा पत्ता मला काल मिळाला, तुमच्यामुळं. तो मी वापरणार नाही. चोरल्यासारखं होईल ते. पण तुम्ही तिला विचाराल का?"

"काय विचारू?"

"मी लिहिलं तर चालेल का, एवढंच. नाही म्हणाली तर नाही."

बाई आत गेल्या. मग आतून हाक आली. "ते तुझं चाचणीचं पत्र पाठवायचं असतं ना? नव्या कॉम्प्युटरवरून जातंय का बघायला?"

"हो. मी स्वतःलाच पाठवतो नेहमी."

"या वेळी मी हिला पाठवते. तू बाहेरच बस. आत यायचं नाही."

ते बाहेर बसले. बाई एका बोटानं टाइप करत होत्या. टक्. टक्. मध्येच बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. पाऊण तास चाललं ते. त्या काय लिहितायत, किती कडू, किती गोड, त्यांना कळायला मार्ग नव्हता. शेवटी आतून आवाज आला, "गेलं! कॉम्प्युटर बरा आहे तुझा."

त्यानंतरचे दिवस सावकाशरावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. कामं केली. एका वकिलाची चार हजार पत्रं हलवली, त्यात दोनदा चुकीच्या डिस्कवर. गिऱ्हाईक मागं उभं राहिलं तर हे काहीच म्हणेनात, तेव्हा वकीलच म्हणाला, "सावकाश करा, सावकाश." फोन वाजला की हातातलं टाकून बघायचे. बाईंचा फोन नसायचा.

तो आला नवव्या दिवशी. "उत्तर आलंय. ये."

बाईंनी चष्मा लावला, पडदा आपल्याकडं वळवून घेतला. "सगळं वाचणार नाही. माझ्यासाठी आहे ते माझं. तुझ्यासाठी एवढंच आहे, ऐक. 'लिहायचं असेल तर लिहिता येईल. मी लगेच उत्तर देईन असं नाही. कदाचित देणारही नाही. आणि पत्रात खारू म्हणायचं नाही, अजून.'"

"अजून?" सावकाशराव म्हणाले.

"अजून असं लिहिलंय. स्वल्पविराम देऊन. मी दोनदा बघितलं."

घरी येऊन ते आपल्या कॉम्प्युटरपुढं बसले. लाखांनी पत्रं हलवलेला माणूस, पण स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा सुरुवात कशी करायची इथंच गाडी अडली. नाव घ्यायचं नव्हतं. शाळेतलं नाव लिहिलं तर परक्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यांनी नाव गाळून थेट लिहिलं. कुठं राहतो, काय काम करतो. त्या रविवारी फाटकाशी एक मिनिट थांबलो आणि परत गेलो. पुढच्या महिन्यात यायला हवं होतं, आलो नाही. तुझ्या भल्यासाठी असं मी स्वतःला सांगत आलो, ते खरं नव्हतं. मला लागलं होतं, आणि मोठ्या माणसानं असं लागून घ्यायचं नसतं. क्षमा माग असं कुणी सांगितलं म्हणून नाही लिहीत. तुझ्या अर्जावर माझा नंबर होता आणि तो मी बंद केला, याची माफी मला सगळ्यात जास्त मागायची आहे.

चार दिवस ते लिहीत आणि पुसत होते. पाचव्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, कामाला निघायच्या आधी, पाठवलं.

उत्तर नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरं लिहिलं, लहानसं: तलावावरून रोज जातो, आज एक पोरगी पाठीवर पोहत होती, मान न वळवता. त्यालाही उत्तर नाही. तिसरं लिहावं की नको या विचारात असतानाच एका दुपारी, एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात टेबलाखाली वाकून वायर लावत असताना, फोन खिशात थरथरला.

त्यांनी टेबलाखाली बसूनच वाचलं.

"त्या दिवशी मी रुसले होते. त्याच्या आधीच्या रविवारी यायला दोन तास उशीर झाला होता म्हणून. आई बाहेर गेली तेव्हा मी पडद्यामागं बूट घालून तयार होते. वाटलं होतं दुसरी हाक येईल. एका हाकेत जायचं नाही, असं ठरवलं होतं. दुसरी आलीच नाही."

एवढंच. ना वर काही, ना खाली. आणि सावकाशरावांच्या ध्यानात आलं की तिनं सगळं असं फिरवून लिहिलं होतं की त्यात कुठंही तू नव्हतं आणि तुम्हीही नव्हतं. लहानपणी ती "अरे बाबा" म्हणायची. "अरे बाबा, तू थांब ना."

"सापडली का वायर?" वरून डॉक्टर म्हणाले.

"एक मिनिट," ते म्हणाले. पण बाहेर आले नाहीत. डॉक्टरांनी वाकून बघितलं, आणि समंजस माणूस होता बिचारा, काही न विचारता बाहेरच्या खोलीत निघून गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. फक्त दोन ओळी. हाक मारायला मी आता तिथं उभा नाही, पण नंबर देतोय, हा बंद होणार नाही. आणि तुला हवं तेव्हा, नको असेल तर नको.

असं चार महिने चाललं. ती महिन्यातून एकदा लिहायची, ते पंधरा दिवसांनी. ती आता खांदे दुखणाऱ्या लोकांना व्यायाम शिकवायचं काम करत होती हे कळलं. तिची आई ठीक होती. गाजर अजून आवडत नव्हतं. बाईंना ते काहीच सांगायचे नाहीत आणि बाईंना सगळं ठाऊक असायचं.

पाचव्या महिन्यात पत्र आलं, त्यात नंबर होता. "रविवारी अकरा ते बारा घरी असते."

रविवारी सावकाशराव नऊपासून तयार होते. इस्त्रीचा शर्ट घातला, फोनवर दिसणार नाही हे माहीत असून. साडेदहाला त्यांनी जिन्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली, शेजाऱ्यांचा आवाज नको म्हणून. अकरा वाजून दोन मिनिटांनी नंबर लावला. अकरालाच लावला तर टपून बसल्यासारखं वाटेल.

तीनदा वाजला.

"हॅलो," मोठ्या बाईमाणसाचा आवाज. हा आवाज त्यांनी आयुष्यात कधीच ऐकला नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीचा आवाज त्यांना तोंडपाठ होता आणि त्यातलं यात काहीच सापडेना.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडं कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"हां," ती म्हणाली. "बोला."

बोला. म्हणजे तुम्ही. ते त्यांना लागलं, पण या वेळी ते कुठं गेले नाहीत. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि, तिच्याकडं पाऊस आहे का, खांद्याचं दुखणं कुठल्या वयात जास्त येतं, असलं काहीबाही विचारायला सुरुवात केली. ती एका वाक्यात उत्तर देत होती. मग दोन वाक्यांत. मधूनच म्हणाली, "बाईंनी तुम्हाला गाढव म्हटलं का खरंच?"

"हो. तोंडावर."

ती हसली का, की नुसता श्वास सोडला, ते नीट कळलं नाही. तेवीस मिनिटं झाली. मग तिच्या दारावर कुणीतरी आलं आणि ती म्हणाली, ठेवते.

"पुढच्या रविवारी लावू?" त्यांनी विचारलं.

ती थांबली. एवढी थांबली की त्यांना वाटलं, ठेवला.

"हॅलो?" ते म्हणाले. आणि मग पुन्हा, "हॅलो?"

"आहे मी," ती म्हणाली. "लावा."